वीस शब्द आणि एक ताट

डिसेंबर आला की मी दमते. अजून काही केलेलं नसतं, तरी आधीच दमते. सकाळी खिडकी उघडावी तर समोरचा टॉवर गायब. आमच्याच सोसायटीचा, चाळीस पावलांवरचा टॉवर. दहा-साडेदहाला तो हळूहळू परत येतो. आधी गच्चीवरच्या टाक्या, मग वाळत घातलेले कपडे, मग माणसं. याला धुकं म्हणायचं की धूर, यावर आमच्या या दिल्लीतल्या द्वारकेत रोज लिफ्टमध्ये चर्चा होते आणि तळमजला आला की संपते. सून मोबाइलवर हवेचा आकडा बघते, "आई, आज खाली नका हं जाऊ," म्हणते आणि स्वतः मात्र खाली जाते, कारण तिला ऑफिस असतं. कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घुरघुरत असतं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसते.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची माझी फार इच्छा असते. पण पूर्वीही धुकं होतं, कोळशाच्या शेगड्यांचा धूर होता, आणि बस दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू यायचा. फरक एवढाच, की तेव्हा आम्ही त्या धुक्यात पळत सुटायचो. आता गुडघे म्हणतात, बस बाई गप.

खाली लॉबीत कापसाचं बर्फ पसरलंय. दिल्लीत बर्फ कधी पडलं होतं देव जाणे, पण दर वर्षी आमच्या लॉबीत न चुकता पडतं. गेटवरच्या गार्डला लाल अंगरखा आणि पांढरी दाढी दिलीय. बिचारा चहा पिताना दाढी हनुवटीखाली ओढतो आणि गाडी आली की वर चढवून "मेरी क्रिसमस, सर" म्हणतो. मला बघून चढवत नाही. "नमस्ते माताजी" म्हणतो आणि आपला चहा पितो. आम्ही दोघंही थकलेले आहोत हे त्याला माहीत आहे.

तर परवा ईरा वही घेऊन आली. ईरा म्हणजे माझी नात, चौथीत आहे. "आजी, हेल्प कर ना यार." आजीला यार म्हणू नये हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, आता तो नाद सोडलाय. होमवर्क काय, तर ख्रिसमसशी संबंध असलेले वीस इंग्रजी शब्द लिहायचे, प्रत्येकापुढे छोटंसं चित्र काढायचं. एकोणीस शब्द तिनं आईच्या मोबाइलवरून उतरवून आणले होते. विसावा मिळेना.

"वाच बघू."

तिनं घडाघडा वाचले. रेनडिअर, स्ले, मिसलटो, टिन्सल, रीथ, स्टॉकिंग, आयसिकल, एगनॉग, चिमनी, कॅरल, मेंजर आणि असेच आणखी. उच्चार असे खणखणीत, की माझ्या अंगावर काटा आला. कौतुकानं नव्हे. ते सगळे शब्द माझ्या ओळखीचे होते. पन्नासेक वर्षांपूर्वी ते मी याच क्रमानं, अगदी अशाच वहीत लिहिले होते.

"यातलं तू काय काय बघितलंयस गं?" मी विचारलं.

तिनं यादीवरून बोट फिरवलं. "चिमनी. आपल्या किचनमध्ये आहे ना. पण सांता तिथून कसा येणार, आजी? जाळीला केवढं तेल आहे!"

"आईला सांगू नकोस. साफ करायचं राहून गेलंय माझं."

ती खळखळून हसली. माझं मन मात्र केव्हाच उठून आर. के. पुरमला गेलं होतं.

आर. के. पुरम म्हणजे सरकारी क्वार्टर्स. पिवळ्या रंगाच्या, एकासारख्या एक. वर चार राज्यांची भाषा, खाली चार राज्यांच्या फोडण्यांचा वास. आमच्या वरच्या मजल्यावर साळवे राहायचे. साळवेकाका कुठल्याशा मंत्रालयात असिस्टंट होते आणि काकू मूळच्या नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. त्यांच्या तीन पिढ्या ख्रिस्ती. त्यांची मुलगी रूथ माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. आम्ही साताऱ्याकडून दोन-तीन वर्षांपूर्वी बदलून आलो होतो. आख्ख्या वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

हिवाळ्यातली दुपार म्हणजे उन्हाची. घरं एवढी गारठलेली असायची, की साऱ्या बायका उन्हाच्या मागोमाग फिरायच्या. बाराला पुढच्या गवतावर, दोनला कोपऱ्यावर, तीनला भिंतीलगत. सतरंज्या सरकत सरकत जायच्या. मटार सोलणं, शेंगा खाणं, संत्र्याच्या सालींचा ढीग, आणि हातात विणकाम. पंजाबी बायकांकडून आईनंही विणकाम उचललं होतं, पण तिच्या स्वेटरला एक बाही नेहमी लांब व्हायची. साळवेकाकूंचा हात मात्र सुरेख. त्या वर्षी त्या पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणत होत्या. त्याला कारण होतं. नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत आमच्या वर्गातर्फे कुणीतरी ख्रिसमसवर चार वाक्यं बोलायची होती. वर्गात ख्रिस्ती मुलगी एकच. रूथ बोलणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. काकूंनी तर नक्कीच.

आमची शाळा काही मिशनची नव्हती. पण इंग्रजी मीडियम म्हटलं की डिसेंबरात शब्दांची यादी यायचीच. मला तेव्हा इंग्रजी बेतास बात आणि हिंदी त्याहून बेतास बात. माझं आडनाव देवस्थळी. त्यातला ळ दिल्लीच्या जिभेला झेपायचा नाही. हजेरीच्या वेळी मॅम "देवस... देवस्थ..." करत अडखळायच्या आणि वर्ग हसायचा. मी "मेरेको" म्हटलं की हसायचा. डब्यातल्या भाकरीला हसायचा. रोज सकाळी बसमध्ये मी मनात म्हणायची, देवा, आज दुसऱ्या कुणाला तरी हसू दे.

यादी घेऊन मी उन्हात काकूंकडे गेले होते. म्हटलं, सण यांचा, तर शब्दही यांना येत असणार. "काकू, मिसलटो म्हणजे काय हो?"

"काय की बाई."

"स्ले?"

"नाही ठाऊक."

"टिन्सल? रीथ? एगनॉग?"

काकूंनी सुया थांबवल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर ओशाळेपण अजिबात नव्हतं, हे मला अजून आठवतं. उलट करमणूक वाटली त्यांना. "अगं पोरी, हे कुठलं काढलंस? आमच्याकडं कुणाच्या तोंडात नव्हतं बाई हे."

मग मी "मेंजर" वाचलं आणि डिक्शनरीतला अर्थ अडखळत सांगितला. काकूंचा चेहरा एकदम उजळला. "अगं, गव्हाण गं! गुरांना वैरण टाकतात ना, ती. बाळ येशू त्या गव्हाणीतच निजलेला. आमच्या वाड्याला सहा बैलांची गव्हाण होती. लहानपणी मी तिच्यात झोपलेय. गवत टोचतं बरं का, पण ऊब अशी असते, की तुझी रजई झक मारेल." आणि मग एका शब्दावरून त्यांनी मला आख्खं गाव दाखवलं. चोवीस तारखेला गव्हाण झाडून पुसून ठेवायची. देवळात, म्हणजे चर्चला त्या देऊळच म्हणायच्या, टाळ आणि पेटी घेऊन भजनं म्हणायची. कागदाची चांदणी करून दारावर दिवा लावायचा. आणि पंधरा दिवस आधीपासून फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, रव्याचे लाडू. "नाताळ कळतो तो तळणीच्या वासावरनं," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी वहीत लिहून घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी डिक्शनरीतून एगनॉग उतरवून घेतलं.

त्या फराळाचं ताट दर वर्षी आमच्याकडे यायचं. स्टीलचं मोठं ताट, काठावर नाव कोरलेलं: सौ. शांता साळवे. वर क्रोशाचा रुमाल. आणि आपल्याकडे ताट रिकामं परत करायचं नसतं. दिवाळीला आमचं ताट वर जायचं, ते त्यांच्या घरचं काहीतरी घेऊन खाली यायचं. नाताळला त्यांचं खाली यायचं, ते संक्रांतीला तिळगूळ घेऊन वर जायचं. पानिपत झालं तरी हा व्यवहार थांबला नसता, असं बाबा म्हणायचे. काकूंच्या करंजीचं सारण ओल्या खोबऱ्याचं नसे, दिल्लीत नारळ कुठला मिळायला. त्या खसखस आणि सुकं खोबरं भाजून घालायच्या. पहिला घास घेतला की टाळ्याला खसखस चिकटायची. ती जिभेनं काढत बसायला मला आणि रूथला फार आवडायचं.

मग तो दिवस आला. दिवस कसला, तिसरा तास. मॅमनी विचारलं, "अच्छा बच्चो, क्रिसमस पे घर में क्या-क्या होता है, कौन बताएगा?" रूथ उभी राहिली. तिची हिंदी माझ्यापेक्षा चांगली होती.

"मैम, हम लोग करंजी बनाते हैं."

"वो क्या होती है?"

रूथनं हातानं अर्धचंद्र काढून दाखवला, कडेला बोटांनी मुरड घातली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मैम, ये तो गुजिया बोल रही है!" आणि सगळा वर्ग फुटला. "गुजिया तो होली पे बनती है!" "क्रिसमस पे गुजिया!" कुणी बाक बडवलं, कुणी रंग उडवल्याची नक्कल केली.

मॅम वाईट नव्हत्या. पन्नास मुलं, गारठलेला वर्ग, त्याही दमलेल्या असतील. आज मला ते कळतं. त्यांनी हात वर करून वर्ग गप्प केला. "रूथ, बेटा, सच बताओ. केक बनता है न? ट्री सजता है न?"

"नहीं मैम. करंजी बनती है. और भजन गाते हैं. झांज बजाके."

पुन्हा हसू. मॅमच्या कपाळावर आठी आली. मुलगी आपल्याला बनवतेय, असं त्यांना वाटलं असावं. आणि तेव्हा रूथ माझ्याकडे वळली. किती विश्वासानं वळली ती! "मैम, माधवी से पूछिए. वो आती है हमारे घर. उसने खाया है."

सगळ्या माना माझ्याकडे. "माधवी? सच है ये?"

काय होतं त्यात? उभं राहायचं आणि हो म्हणायचं. तोंडात खसखस होती म्हणा ना. पण त्या वर्षात पहिल्यांदाच वर्ग मला सोडून दुसऱ्या कुणाला तरी हसत होता. रोज बसमध्ये मागितलेलं मागणं देवानं ऐकलं होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "पता नहीं, मैम."

रूथ खाली बसली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्या तासाला मॅमनी प्रार्थनेतली चार वाक्यं दुसऱ्या मुलीला दिली. तिच्या घरी नाताळ नव्हता, पण शब्द सगळे पाठ होते. तिनं बर्फाबद्दल सांगितलं, रेनडिअरबद्दल सांगितलं, चिमणीतून येणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

घरी मला वाटलं होतं, आता काही ताट येत नाही. चोवीसला संध्याकाळी दार वाजलं. रूथ ताट घेऊन उभी. अंगात तो पांढरा स्वेटर, गळ्याशी बारीक फुलांची वीण. प्रार्थनेला घालायचा म्हणून विणलेला, प्रार्थनेनंतर दोन दिवसांनी आमच्या दारात घातलेला. "आईनं दिलंय," एवढंच म्हणाली. मी ताट घेतलं. "ये ना आत," म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती जिना चढून गेली होती. काकूंना तिनं काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकू उन्हात भेटल्या तेव्हा आईला म्हणत होत्या, "या खेपेला मॅमनी दुसऱ्या मुलीला दिलं बोलायला. असू दे, सगळ्यांना संधी मिळायला हवी." आणि मग माझ्याकडे वळून, "करंजी आवडली का गं मधू?" मी मान हलवली. त्या दिवशी मला ते सगळं ओकून टाकावंसं वाटत होतं. आजही वाटतं.

आई म्हणाली, ताट रिकामं कसं द्यायचं, संक्रांतीला तिळगूळ घालून देऊ. मीही मनात म्हटलं, संक्रांतीला मीच घेऊन जाईन वर. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणायचंच असतं, त्यातच दडपून माफी मागून टाकू. माझ्या भेकडपणाला सण पाहिजे होता. आणि संक्रांतीच्या चार दिवस आधी साळवेकाकांची बदली झाली. नवी जागा तातडीची होती. आम्ही तेव्हा मामाकडे साताऱ्याला गेलो होतो. परत आलो तर वरच्या दाराला सरकारी कुलूप. रीतच आडवी आली बघा. रिकामं द्यायचं नाही, म्हणून ते ताट कधी दिलंच गेलं नाही.

ते माझ्यासोबत आलं. लग्नानंतर सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये, मग लक्ष्मीबाईनगरमध्ये, मग निवृत्तीनंतर या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये. मीही सरकारी नोकरीच केली. छत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारला. इतरांचं खरं असल्याची साक्ष देण्यात हयात गेली, गंमतच आहे. पंधरा वर्षांपूर्वी गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी सहज म्हणालं, साळव्यांची रूथ फरीदाबादला असते, नर्सिंग कॉलेजात शिकवते. मी म्हटलं, अय्या, हो का? जायला हवं एकदा. तेव्हा फरीदाबाद लांब होतं. मग मेट्रो झाली. मग ह्यांचं आजारपण झालं, मग हे गेले, मग ईरा झाली, मग गुडघे गेले. सबबी काय, डिसेंबरातल्या धुक्यासारख्या पैशाला पासरी मिळतात. आता ती तिथं आहे की नाही, आहे की नाही याही अर्थानं, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

"आजी, सो गई क्या?" ईरा मला हलवत होती. "विसावा वर्ड!"

"करंजी लिही," मी म्हटलं.

"काय?"

"करंजी. नाताळला करतात. चित्र सोपं आहे, अर्धा चंद्र काढ आणि कडेला मुरड."

"आजी, ती तर गुजिया. होलीची." माझी नात, माझ्याच घरात, त्याच वर्गातलं वाक्य बोलत होती. "आणि हे इंग्लिश पण नाहीये. मॅम कट करतील."

"करू देत. लिही तू."

ती कुरकुरली, पण तिनं लिहिलं. मग मी तिला स्वयंपाकघरात नेलं आणि ताट दाखवलं. रोज त्याच्यातच मी तांदूळ निवडते, हे तिला माहीत होतं, पण काठावरचं नाव तिनं कधी वाचलं नव्हतं. घासून घासून अक्षरं पुसट झालीत. तिनं बोट फिरवत वाचलं. "शांता साळवे कोण?" मी तिला सगळं सांगितलं. वर्गातलंही सांगितलं. मुलांना आपलं चांगलंच सांगावं असं म्हणतात, पण मला आता निवडून सांगायचा कंटाळा आलाय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू बहुत गंदी थी, आजी." मी म्हटलं, हो बाई, होते.

काल वही परत आली. एकोणीस शब्दांपुढे बरोबरच्या खुणा. करंजीभोवती लाल गोल, आणि बाजूला इंग्रजीत प्रश्न: हे खरं आहे का? घरी विचारून या.

ईराचा चेहरा पडला होता. "बघितलंस? मी बोलले होते ना. सगळे हसले, आजी."

"तू काय म्हणालीस?"

"मी बोलले, माझ्या आजीनं खाल्लंय." आणि मग, माझ्याकडे रोखून बघत, "खाल्लंयस ना?"

मी चष्मा लावला, पेन घेतलं. लाल प्रश्नाच्या खाली, इंग्रजीत, जेवढं स्वच्छ जमलं तेवढं लिहिलं: होय मॅम, हे खरं आहे. मी त्यांच्या घरी जात असे. मी खाल्लं आहे. चार शब्दांचं काम होतं. पन्नास वर्षं लागली. लिहिल्यानं रूथला काय मिळालं? काही नाही. त्या पांढऱ्या स्वेटरचं काय झालं? काही नाही. मला हलकं वाटलं म्हणाल, तर तेही फारसं नाही. नुसतंच दमल्यासारखं वाटलं.

"खाली सही कर," ईरा म्हणाली. "पूरा नाम. नाहीतर मॅम विचारतील कुणी लिहिलं."

मी सही केली. तिनं वही ओढून घेतली आणि वाचायला लागली. "माधवी... देवस... देवस्थ... ही कोण आहे, आजी? तुझं नाव तर हे नाहीये."

"होतं," मी म्हटलं. "रूथच्या शेजारी, तिच्याच बाकावर बसायची ती. मॅमनी तिलाच विचारलं होतं."